गडग्यावरचा पेला

१९ जानेवारी

माझ्या मुलाला, विश्वेशला, पतसंस्थेकडून दोन दैनंदिन्या मिळाल्या. जाड कागदाची त्याने म्हापशाला खोलीवर नेली आणि ही माझ्याकडे टाकली. दर पानाच्या तळाशी सुविचार छापलाय. आजचा: ‘आरोग्य हीच खरी संपत्ती.’ एवढं सांगायला पतसंस्था लागते. आमची आई ‘गरम पेज जेव आनी गप नीज’ म्हणायची, त्यात सगळं आलं, आणि छपाईचा खर्च नाही.

लिहायला बसले कारण आज डोकं तापलंय. भाईच्या रक्ताचा रिपोर्ट आला. भाई माझा धाकटा भाऊ, तहसील कचेरीतून निवृत्त झालेला. माझं सासर आणि माहेर यांच्यात कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा, बाकी काही नाही. लग्न होऊन मी आयुष्यात एवढाच प्रवास केला. रक्तात चरबी वाढलीय म्हणे. कावेरीने, त्याच्या बायकोने, देवगडहून गोळ्या आणल्या आणि त्या ठेवायला एक कप्प्यांची डबी. कप्प्यांवर सकाळ-संध्याकाळ लिहिलंय. डबी हातात धरून ती गडग्याजवळ अशी उभी होती, जणू तिला कुणी पदक दिलंय.

“वन्सं, आता ह्यांका बाहेरचा काय देव नकात हां.”

बाहेरचं. म्हणजे माझं.

हे तिचं चतुर्थीपासून चाललंय. पाहुण्यांची पंगत बसली होती, काळ्या वाटाण्याचं सांबारं मी केलं होतं, मीच वाढत होते. भाईच्या पानाशी पोचले तर ही सगळ्यांच्या देखत म्हणते, “ह्यांका वाढू नकात वन्सं, तुम्ही खोबरा खूप घालतास.” ज्या पोराला कडेवर घेऊन मी पेज भरवली, त्याला माझं खोबरं बाधतं. त्या दिवसापासून त्या घरात पाऊल ठेवलं नाही. बोलणं बंद केलेलं नाही, मी तेवढी हलकी नाही. बोलायचं ते गडग्यावरून.

२२ जानेवारी

भाई सकाळी आपल्या माडाला पाणी घालायच्या निमित्ताने गडग्याशी आला. म्हणाला, “आक्का, गोळयेन पाय दुखतत गो.”

“मग कशाक खातंस?”

“कावेरी समोर उभी रवता.”

हा माणूस कचेरीत हेडक्लार्क होता. तलाठी त्याच्यासमोर घाम पुसायचे. घरात मात्र अडकित्त्यातली सुपारी. जन्मात कुठल्याच बाईला नाही म्हणालेला नाही, मला तर मुळीच नाही.

आज हंडा घासायला काढला. माझ्या खळ्याच्या, पुढच्या अंगणाच्या, कडेला बिंबलाचं झाड आहे. या झाडाला फांद्यांचं वावडं. म्हशीला गोचिड्या लागाव्यात तशी फळं थेट खोडाला लागतात, हिरवीगार, बोटाएवढी. मागे मुंबईची एक पाहुणी विचारत होती, “आजी, ही बेबी काकडी का?” म्हटलं, होय, खाऊन बघा. खाल्लंन, आणि मग तिचं तोंड मुंबईपर्यंत वाकडं राहिलं असणार. बांगड्याच्या तिखल्यात चार बिंबलं चिरून टाकली की कोकम नको, चिंच नको. उरतील त्यांना मीठ लावून उन्हात वाळवायचं, नाही तर लोणचं. पोरांना गालगुंड झालं की पाला वाटून लेप. धोतरावरचा गंजाचा डाग यानेच निघतो. आणि देवाची तांब्या-पितळेची भांडी तर या गावात दुसऱ्या कशाने कुणी घासलेलीच नाहीत.

तर हंडा. पावसाळाभर माळ्यावर पडून कोळशासारखा झालेला. दोन बिंबलं चिरून फिरवली, आणि बघता बघता आतून नवरीसारखी लाली आली. तिथे माझ्या डोक्यात उजेड पडला. डॉक्टर भाईला म्हणाला होता, नसांत थर बसतो. नस म्हणजे काय, नळीच. जे बिंबल पावसाळाभराचा कळंक काढतं, ते भावाच्या नसांतला थर काढणार नाही? शिकलेल्यांना हे सुचलं नाही, कारण शिकलेल्यांनी कधी हंडा घासलेला नाही.

पलीकडच्या वाडीतली शेवंती सांगत होती की तिच्या मोबाईलवर कुणी बुवा असंच काही सांगतो. बुवांवर माझा विश्वास नाही. हंड्यावर आहे.

२५ जानेवारी

आधी स्वतः प्यायले. दोन दिवस. भावाला द्यायचं ते आपण आधी चाखावं, इतकी अक्कल मला आहे. गोळ्या देणाऱ्या डॉक्टरने कुठे चाखल्या? दात असे आंबले की भातसुद्धा चावेना. पण बाकी काही झालं नाही. पोट हलकं वाटलं.

आज पहिला पेला दिला. कावेरी सकाळी देवळात जाते, कुणकेश्वराला दूध घालून येईपर्यंत मैदान मोकळं. मी गडग्यावर पेला ठेवला. भाईने नाक धरलं आणि एका दमात घेतला. डोळ्यांतून पाणी आलं.

“कसो लागता?”

“बरो आसा,” म्हणाला. शहारा सगळ्या अंगावरून गेला, तरी म्हणाला बरो आसा. गुणी आहे.

गोळी त्याने माडाच्या आळ्यात टाकली. म्हटलं, माडाची चरबी उतरेल.

३ फेब्रुवारी

रोजचा पेला चालू. मी बिंबलं ठेचते, फडक्यात पिळते, मिठाचा खडा टाकते. साखर नाही, साखर घालून औषध घेणारे लोक मला आवडत नाहीत. तो येतो, पितो, मग आम्ही थोडं बोलतो. आज कचेरीतल्या कुणा साहेबाच्या विगाची गोष्ट सांगत होता. वाऱ्याने विग उडाला आणि शिपायाने तो उंदीर समजून झाडूने मारला. मी इतकी हसले की गडग्याचा एक चिरा ढळला. कित्येक दिवसांत हसले नव्हते, त्यामुळे छाती दुखली.

कावेरी देवळातून येताना दिसली की पेला माझ्या पदराखाली. चोरी करतेय असं वाटत नाही. आपल्याच भावाला आपल्याच झाडाचं देतेय, यात कसली चोरी. चोरी कुणामुळे करावी लागते ते बघावं.

९ फेब्रुवारी

विश्वेश आलाय. खळ्यात सिमेंट घातलंय त्याने दिवाळीत, पर्यटकांच्या गाड्या लागाव्यात म्हणून. शेणाने सारवलेलं खळं त्याला गरिबी वाटते. आता बिंबलाच्या खाली त्या सिमेंटला देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडलेत. बाळा गवंडीला बोलावून झापला. बाळा खाली बसला, बोट फिरवलं आणि म्हणतो, “आक्का, माझा सिमेंट चांगला आसा. तुमच्या बिंबलांनी खाल्ल्यानी.”

काम फोपसं करायचं आणि नाव झाडाचं. म्हटलं, “बाळा, रेती जास्त आणि सिमेंट कमी घातलंस, आता माझ्या झाडार घालू नको.” निमूट गेला. पापी माणूस निमूटच जातो.

१६ फेब्रुवारी

बातमी पसरली. मी नाही पसरवली. शेवंतीला तेवढं सांगितलं, आणि शेवंतीला सांगणं म्हणजे देवळाची घंटा वाजवणं. परवा ती स्वतः बाटली घेऊन आली, तिचा दीर गणपतही. दोघांना भरून दिलं. काल विचारलं तर म्हणाली, “आक्का, अंग कसा हलका झाला गो.” बाई अडाणी आहे, पण गुण ओळखते.

भाई वाळलाय जरा. पोट गेलं. जेवण कमी झालंय, म्हणतो इच्छा होत नाही. बरंच आहे, चरबी उतरायची तर जेवण कशाला हवं. झाड असं लगडलंय की फळं खाली सडतात. म्हणून आता पेले दोन केले. सकाळी एक, आणि कावेरी शेजारी मालिका बघायला बसते तेव्हा एक.

२७ फेब्रुवारी

काल महाशिवरात्र. जत्रेला समुद्रापर्यंत माणूस. स्टॉलवर बाटलीतलं कोकम सरबत विकत होते, रंग असा की त्यात लुगडं रंगवावं. खऱ्या सोलांचं पाणी कसं असतं ते आता पोरांना दाखवायला संग्रहालयात ठेवावं लागेल. कुणी ‘डिटॉक्स’ नावाचं पाणीही विकत होतं. काकडीचे काप घातलेलं पाणी, आणि लोक रांगेत उभे.

भाईने कडक उपास केला. पाणीसुद्धा जवळजवळ नाही, फक्त माझा रस. उन्हात रांगेत उभा राहिला, अभिषेक केला. चेहरा पिवळट दिसत होता, उपासाचं तेज.

४ मार्च

आज भाईला उजेडात नीट बघितलं आणि मन भरलं. गाल भरलेत. आठवड्यापूर्वी कसा सुकलेल्या बोंबलासारखा दिसत होता, आता तोंड गोल. बोटातली अंगठी निघेना, साबण लावून काढली. वहाणेचा पट्टा पायावर रुततो. अंग धरलंय.

आणि मोठी गोष्ट अशी, की त्याचं रात्रीचं उठणं बंद झालं. किती वर्षं हा माणूस रात्रीतून उठून उठून परसात जायचा, कावेरीच्या सगळ्या डॉक्टरांना ते जमलं नव्हतं. आता सकाळपर्यंत एकदाही नाही. म्हणतो, दिवसाही फारसं जावं लागत नाही. मी त्याला म्हटलं, “बघ. गोळयेन होता काय असा?”

तो हसला. त्याला उचकी लागली होती, बराच वेळ थांबेना. म्हटलं, कोण आठवण काढतंय रे तुझी एवढी.

“तूच आसशीत,” म्हणाला.

६ मार्च

कावेरी त्याला देवगडला घेऊन गेली. सकाळी ओकला आणि दम लागला म्हणे. मला सांगितलंसुद्धा नाही; रिक्षा गेल्यावर धूळ बघून कळलं. पेला भरून गडग्यावर उभी होते. परत आणून तांब्यात झाकून ठेवला. संध्याकाळी घेईल.

संध्याकाळी आले नाहीत.

८ मार्च

भाईला ओरोसच्या जिल्हा इस्पितळात नेलंय. मूत्रपिंडं थांबलीत. यंत्रावर घातलाय, रक्त बाहेर काढून धुतात आणि परत घालतात. विश्वेश जाऊन आला, त्याने सांगितलं. मी मुळापासून हादरले, आणि मग माझा संताप संताप झाला. गोळ्या. तरी मी सांगत होते. शेवंतीला सांगितलं, तिठ्यावर दुकानात सांगितलं, देवळात सांगितलं: बायकोने गोळ्या घालून घालून माणसाची ही दशा केली. सगळे हळहळले. गणपत म्हणाला, “कावेरीवैनीन स्वतःच्या हातान केल्यान म्हणजे.”

गोळ्या माडाच्या आळ्यात गेल्या होत्या, हे मला आत्ता लिहिताना आठवलं. सगळ्याच काही गेल्या नसतील.

दुपारी कावेरी कपडे न्यायला आली होती. डोळे सुजलेले. डबी हातात होती, ती कप्प्यांची. गडग्याशी आली आणि म्हणाली, “वन्सं, डॉक्टर इचारतत, हे काय आंबट बिंबट पियत होते काय. करमल, बिंबल, असला काय. खूप.”

मी म्हटलं, “बिंबल आमटेत पडता. चार.”

“तसाच मी सांगलंय. आनी ह्यांका इचारला तर हे म्हणतत, काय नाय.” मग तिने डबी उघडली, बंद केली. “म्हणजे गोळयांनीच झाला. डॉक्टर नाय म्हणतत, पण दुसरा काय आसतला? माझ्याच हातान. तिठ्यार बायका माझ्याकडे बघान बोलत होत्यो.”

ती गेली. मी आत आले. चुलीशी बसून राहिले, भात करपला तो वासाने कळलं.

भाई म्हणाला, काय नाय.

९ मार्च

सुविचार आजचा वाचला नाही.

तांब्यात झाकून ठेवलेला रस सकाळी दिसला. हिरवट झाला होता, तांब्याच्या आत जिथपर्यंत रस होता तिथपर्यंत लख्ख, वर काळं. ओतून द्यायला खळ्यात आले. बाळा गवंडी येऊन खड्डे बुजवत होता. त्याला मी झापलं होतं तरी फुकट करायला आला होता. त्याने नुकतंच घासून साफ केलेल्या जुन्या सिमेंटवर मी रस ओतला. मुद्दाम ओतला की सहज, ते मला सांगता येणार नाही.

बुडबुडे आले. चुरचुर असा बारीक आवाज झाला, तव्यावर पाणी पडावं तसा. बाळाने वर बघितलं आणि पुन्हा थापी फिरवायला लागला.

हंडा बघून मला अक्कल आली होती. हंड्याला काय, तो जाड. हंड्याच्या आत भाऊ नव्हता.

१० मार्च

पहिल्या एसटीने निघाले, कणकवलीला गाडी बदलली. शेजारी एक बाई सारखी सीताफळाच्या पानांचा काढा सांगत होती, मधुमेहावर. दुसरा कुठला दिवस असता तर मीही पाच काढे सांगितले असते. खिडकीबाहेर बघत राहिले.

कावेरी व्हरांड्यात बाकावर बसली होती. मला बघून उठली, पदर सारखा केला. तेवढ्यात डॉक्टर बाहेर आला. पोरगेलासा, आमच्या विश्वेशपेक्षा लहान. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि कचेरीत बोलतात तसं शुद्ध बोलायला लागले, का कोण जाणे.

“मी त्यांची थोरली बहीण. मी त्यांना बिंबलाचा रस देत होते. रोज. उपाशीपोटी.”

“किती?”

“आधी पेलाभर. मग दोन.”

त्याने चष्मा काढला, पुसला. रागावला नाही. रागावला असता तर मला उत्तर देता आलं असतं. “आजी, चार फळं आमटीत काही करत नाहीत. पण एवढा रस म्हणजे त्यातल्या आम्लाचे खडे होतात, बारीक, काचेच्या चुऱ्यासारखे. ते मूत्रपिंडात बसतात. बरं केलंत सांगितलंत. आम्ही कारण शोधत होतो, सुई घालून तुकडा काढून तपासायचा विचार चालला होता. आता दिशा कळली. बरीच माणसं यातून सावरतात. खात्री नाही देत.” मग म्हणाला, “तुम्ही स्वतः प्यायलात? आणखी कुणाला दिलंत?”

माझंही रक्त घेतलं. सुईची भीती मला नाही.

कावेरी सगळं ऐकत उभी होती. मला वाटलं ओरडेल. शिव्या घालेल, शिरा पडो म्हणेल. पदर पसरून ऐकायची मी तयारी केली होती. ती बाकावर बसली आणि कप्प्यांची डबी पिशवीत खाली घालत म्हणाली, “चार दिवस मी जेवलंय नाय वन्सं. माका वाटला, माझ्या हातान झाला.”

मी तिच्या शेजारी बसले.

“मी खोबऱ्याक बोललंय,” ती म्हणाली. “तेचा एवढा?”

मग उठून आत गेली. मला आत ये म्हणाली नाही. तिने माझ्याकडे एकदा वळून बघितलं, ती नजर मी ओळखते. चतुर्थीपासून रोज गडग्यावरून मीच तिच्याकडे तशी बघत आलेय. आपल्या अंगावर आली की कशी लागते, ते आज कळलं.

११ मार्च

शेवंतीकडे आणि गणपतकडे धावत गेले, बाटल्या परत घ्यायला. शेवंती अंगणात सांडगे घालत होती. मी सांगितलं, पिऊ नका, एक थेंब पिऊ नका, माझं चुकलं.

“मी खंय पितंय गो,” ती म्हणाली. “पयल्या घोटाकच माझे दात गेले. ओतलंय सगळा.”

“मग अंग हलका झाला म्हणान सांगलंस?”

“तू एवढ्या मायेन दिलंस. तोंडार कसा सांगतलंय?” मग हळूच, “गणपतान आपल्या देवाची समई घासल्यान त्याच्यान. लख्ख झाली हां मात्र.”

सगळ्या गावात एकच माणूस तो रस मनापासून प्यायला. दुसरं कुणी एवढं मूर्ख नव्हतं, किंवा एवढं चांगलं.

तिठ्यावरच्या दुकानातही गेले. देवळातही. जिथे जिथे कावेरीचं नाव घेतलं होतं तिथे तिथे. दुकानदार म्हणाला, “जावंदे आक्का, लोक इसरतले.” लोक विसरत नाहीत, मी लोकच आहे, मला माहीत आहे.

१४ मार्च

माझं रक्त बरं आलं. चीड आली.

आज कावेरीने मला आत सोडलं, म्हणजे ती चहा प्यायला गेली आणि जाताना म्हणाली, “बसा थयसर.” भाई उशीला टेकून होता. मानेला नळी. तोंडावरची सूज उतरलीय, आता खरा दिसतो, हाडांचा. यंत्र एक दिवसाआड. लघवी थोडी व्हायला लागलीय, त्याचा सगळ्या वॉर्डला आनंद. हेडक्लार्क माणसाच्या लघवीची मापं भिंतीवर.

मी म्हटलं, “डॉक्टराक काय नाय म्हणान कित्याक सांगलंस?”

“तुका बोलतले म्हणान.”

“आनी मेलो असतंस तर?”

“मगे कोण बोलणार होता?” हसला. उचकी आता नाही. मग म्हणाला, “आंबट खूप होता गो आक्का. दात शिवशिवत. दुसऱ्या पेल्याक तर पोटात आग पडा.”

“मग पिलंस कशाक? एकदा तरी सांगूचा.”

तो छताकडे बघत होता. “चतुर्थीपासून तू आमच्याकडे येव नाय होतंस. बोलणा म्हणजे पाणी इला काय, दिवे गेले काय. पेल्याच्या निमतान तू उभी रवत होतंस. बोलत होतंस. सांगल्यार येवची बंद झाली असतंस.”

पिशवीतली मोसंबी तशीच परत आणली. त्याला चालत नाहीत म्हणाले.

२४ मार्च

भाई परवा घरी आला. यंत्र सुटलं. रक्त अजून पूर्ण बरं नाही. दर आठवड्याला तपासायचं, पाणी मापून, मीठ मापून. पूर्वीसारखं होईल की नाही ते डॉक्टर सांगत नाही. गोळ्या पुन्हा चालू, वेगळ्या. डबी पडवीत खिडकीत, माझ्या नजरेसमोर असते.

आज कोयता घेऊन बिंबलापाशी गेले. दुसरं काय करायचं. खोडाला इतकी फळं की कोयता कुठे मारावा कळेना. पहिला घाव घातला तशी दहा-बारा खाली पडली, बाळाच्या नव्या गिलाव्यावर.

“काय करतास?” गडग्यापलीकडून कावेरी.

“तोडतंय.”

ती माझ्याकडे बघत होती. पुरानंतर दारात येऊन पडलेल्या ओंडक्याकडे बघावं तशी. “झाडान काय केल्यान?” म्हणाली. “झाड इला काय गडग्यार पेलो घेवन?”

आणि कपडे वाळत घालायला गेली. कोयता खाली ठेवला. खोडावर चीर पडलीय, त्यावर शेण लिंपलं.

३० मार्च

पाडवा. सकाळी माझी गुढी उभारायच्या खटपटीत होते तेव्हा कावेरीची हाक आली. “वन्सं, गुढयेचो तांब्यो काळो पडलो हा. बिंबला देवा.”

दोन काढली, गडग्यावरून हात लांब केला. तिने घेतली नाहीत.

“थयसून नको. माका पुरणाचा बघूचा आसा. तुम्हीच येवन घासा.”

गडग्यातल्या दिंडीच्या दारातून आत गेले. दिंडीची कडी गंजलीय, जोर लावावा लागला. पडवीत भाई खुर्चीत, गुडघ्यावर पांघरूण, शेजारी मापाचा पेला, पाण्याचा. मला बघून त्याने खुर्ची थोडी सरकवली, मोरीकडे तोंड येईल अशी.

बसले घासायला. बिंबल चिरून फिरवलं, तांब्याला लाली चढत गेली. ही लाली मला पूर्वी शहाणपण वाटली होती. बोटाला कांदा चिरताना कापलेलं होतं, तिथे चरचरलं. भाई साहेबाच्या विगाची गोष्ट पुन्हा सांगायला लागला. ऐकलेली होती, तरी सांगू दिली.

तांब्या विसळून उपडा ठेवला. कावेरी आतून पाण्याची कळशी घेऊन आली, माझ्या हातांवर धार धरली.

“नीट धुवा. ता खाता.”

“माहीत आसा,” मी म्हटलं.

तिने आणखी पाणी ओतलं.